निळ्या रंगाखालचं नाव

मित्रांनो, कुठल्याही संस्कृतीची उंची तिने जपलेल्या जुन्या वस्तूंवरून मोजावी, असं जगभरचे विद्वान मानतात. हे थोर वाक्य घरच्या नातीने, धम्मदीपाने, आमच्या ओसरीत मोठ्याने वाचून दाखवलं, तेव्हा माझ्या पोटात दीड किलो लाल मिरच्या वाळत होत्या.

मी एक जुना डफ आहे. शिवणीच्या लाकडाचं गोल कडं आणि त्याच्या एका तोंडावर ताणून बसवलेलं बकऱ्याचं कातडं, एवढाच माझा देह. मला उताणं ठेवलं की माझी परात होते. हा शोध चंपाबाईचा. गेली अकरा वर्षं मी वाशिम जिल्ह्यात, आसेगावच्या अलीकडच्या एका लहान गावात, शेषराव आणि चंपाबाई या म्हाताऱ्या जोडप्याच्या ओसरीत परातीची नोकरी करतो आहे. मिरच्या, लसूण, मुगवड्या, एका पावसाळ्यात तर मांजरीची तीन पिल्लं. माझी तक्रार नाही. निवृत्तांना लोक याहून वाईट कामं सांगतात.

पण मी जन्माने परात नव्हे.

मला उकंडरावने घडवलं. उकंडराव म्हणजे शेषरावचे वडील. त्यांनी शिवणीची फळी आठ दिवस नाल्याच्या पाण्यात भिजत घातली, मग विस्तवावर शेकत शेकत वाकवली आणि दोन्ही टोकं एकमेकांना भेटवली. मला ते अजून आठवतं. वाकताना दुखलं होतं. वाकून झाल्यावर मात्र मी गोल झालो, आणि गोल वस्तूला पुन्हा कुणी सहसा वाकवत नाही.

त्या काळी आमचं काम लग्नातलं. वरातीच्या पुढे आम्ही चालायचो. वरात मांडवात शिरली की आम्ही बाहेर थांबायचो. पंगती उठल्यावर जे उरायचं ते उकंडरावच्या पदरात वरून पडायचं. हळद उधळायचे तेव्हा माझ्यावरही उडायची, पण लांबून. मी साऱ्या गावाला ऐकू जायचो. शिवत मात्र मला कुणी नसे.

छप्पन साली उकंडराव नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. आल्यावर वस्तीने ठरवलं, यापुढे कुणाच्या दारात डफ वाजवायचा नाही. त्या आठवड्यात आमच्या वस्तीतले बरेच डफ नदीत गेले, काही चुलीत गेले. मलाही घेऊन उकंडराव नदीवर गेले. गुडघाभर पाण्यात बराच वेळ उभे राहिले आणि मला तसंच काखेत घेऊन परत आले. लोकांनी जाब विचारला.

"त्याचा काय गुन्हा हाये?" उकंडराव म्हणाले. "हात आपला होता. आता हात बदलला."

त्या हिवाळ्यात आणखी एक गोष्ट घडली. शेषराव तेव्हा अकरा वर्षांचा, तिसरीत. त्याच्या पाटीवर त्याच्या बापाने मुळाक्षरं गिरवली. लेकाने बापाचा हात धरायचा आणि बापाने अक्षर काढायचं, असा तो वर्ग. चार महिन्यांनी एका सकाळी उकंडरावांनी खिळा लाल होईपर्यंत तापवला आणि माझ्या कड्याच्या आतल्या बाजूला, कुणाला सहज दिसणार नाही अशा जागी, आपलं नाव डागलं. 'ड' तिरका झाला. 'व' ला जागा पुरली नाही म्हणून तो बारीक झाला. आयुष्यात त्यांनी लिहिलेला तो एकच शब्द. पुढे कचेरीत सही करायची वेळ आली, तेव्हा 'उ' काढेपर्यंत साहेब म्हणाले, लवकर आटपा, आणि त्यांनी अंगठा पुढे केला.

मग माझे चांगले दिवस आले. भीमगीतांना मी पहिल्यांदा माणसांच्या मधोमध बसून वाजलो. उकंडरावांनंतर मी शेषरावच्या हातात आलो. मित्रांनो, डफाला वाजण्याआधी शेक लागतो. दमट हवेत कातडं सैल पडतं, आवाज बसतो. तुरीच्या वाळल्या काड्यांचा, तुराट्यांचा, जाळ करून त्यावर मला हलक्या हाताने फिरवलं की माझी छाती ताणली जाते. तो शेक देण्यात शेषरावचा हात पंचक्रोशीत धरणारा कुणी नव्हता. पंचक्रोशीतली माणसं तसं म्हणत असत. पुढे मोठाले भोंगे आले, खोकी आली, आणि पंचक्रोशीला माझ्याशिवायही ऐकू येऊ लागलं. अकरा वर्षांपूर्वी शेषरावचा हात थरथरायला लागला. त्याने मला खुंटीवर अडकवलं. त्याच उन्हाळ्यात चंपाबाईने खाली काढलं. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

आता धम्मदीपा. ही शेषराव-चंपाबाईच्या मुलाची, विनोदची, मुलगी. जुन्या वस्तू कशा सांभाळाव्या याचं शिक्षण घेतलेली. असंही शिक्षण असतं हे कळल्यावर चंपाबाई आठ दिवस हसत होती. धम्मदीपा एका मोठ्या शहरातल्या संग्रहालयात नोकरी करते, मधे सहा महिने परदेशातही शिकून आली. तिने आपल्या साहेबांना माझ्याबद्दल सांगितलं. वीरेंद्र साहेब सोमवारी मला पाहायला येणार असं ठरलं.

शेषराव त्या दिवसापासून बदलला.

"माह्या बापाचं नाव कोठं हाये, सांग," तो चंपाबाईला म्हणाला. "ना कोन्या दगडावर, ना कोन्या पुस्तकात. ज्या मानसाले मांडवाच्या बाहेर उभं ठेवलं, त्याचं नाव काचेच्या आत लागू दे. मंग मी मोकळा."

चंपाबाईने हे मनावर घेतलं. मित्रांनो, आपल्याकडे पाहुणा येणार म्हटलं की भिंतीला चुना लागतो, बैलाच्या शिंगांना रंग लागतो. ज्याचा मान ठेवायचा त्याला आपण नवा करतो. विहाराच्या खिडक्या रंगवून निळा ऑइल पेंट उरलेला होता. शेषराव चार दिवस मंगरुळपीरच्या दवाखान्यात भरती होता, ते पाहून तिने मिरच्या ओतून दिल्या, माझं जुनं कातडं काढवून पांढरंशुभ्र नवं मढवून घेतलं, आणि मला आतून-बाहेरून रंग दिला. एक हात नव्हे, दोन हात. दुसरा हात देताना ती गुणगुणत होती. मला गुदगुल्या झाल्या, आणि वाईटही वाटलं, कारण मला बोलता येत असतं तर ती थांबली असती.

सोमवारी सकाळी शेषराव घरी परतला आणि पाठोपाठ धम्मदीपा वीरेंद्र साहेबांना घेऊन आली. पांढरे हातमोजे चढवून साहेबांनी मला दोन्ही हातांनी उचललं, फिरवलं, वास घेतला आणि खाली ठेवलं.

"क्षमा करा," ते म्हणाले. "मूळ स्वरूप राहिलेलं नाही. संग्रहालयाच्या दृष्टीने ही वस्तू गेल्या आठवड्यातली आहे."

धम्मदीपाने कपाळाला हात लावला. शेषरावने मला ओढून घेतलं, कड्याच्या आत बोट फिरवलं, एकदा, दोनदा. बोटाला फक्त गुळगुळीत निळा रंग लागला.

"नाव कोठं गेलं?" तो म्हणाला.

चंपाबाईला सासऱ्याचं नाव ठाऊक होतं, पण अक्षर वाचता येत नव्हतं. तिच्या लेखी ते जुन्या खिळ्याचे ओरखडे होते. काय झालं ते तिला शेषरावच्या तोंडाकडे पाहून कळलं. त्या दिवशी दोघंही जेवली नाहीत. शेषराव तिच्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "जाऊ दे व. बापाचं नाव वाहून जायाचंच होतं. नदीत नाई गेलं, रंगात गेलं."

वीरेंद्र साहेब परत गेले. धम्मदीपा गेली नाही. तिने रजा घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीत सतरंजी टाकून, भिंग, बाटल्या आणि कापसाचे बारीक बोळे घेऊन माझ्यासमोर बसली. बोळा ओला करायचा, बोटभर जागेवर हलके फिरवायचा, निळा झाला की टाकून द्यायचा.

"घासणीनं पाच मिन्टात काढून देतो," चंपाबाई म्हणाली. आमच्याकडे बायाही 'देतो'च म्हणतात.

"आजी, तू हात लावू नकोस गं माय."

"व्हय बाप्पा. लावला तवा लय झालं."

ती दूर जाऊन बसली, पण उठून गेली नाही. शेषरावही खाटेवर पडल्या पडल्या पाहत होता. काम इतकं हळू चालायचं की कुणीतरी बोलणं भागच होतं. म्हणून धम्मदीपा जगभरच्या गोष्टी सांगू लागली.

"जपानात एक फार जुनं देऊळ आहे, आजी. दर वीस वर्षांनी ते शेजारच्या जागेवर नव्याने बांधतात. लाकूड नवं, छप्पर नवं. तरी देऊळ तेच, हजारावर वर्षांचं, असं मानतात. कारण बांधायची रीत तीच."

चंपाबाई ताठ झाली. "मंग मी काय वेगळं केलं व? चामडं त याचं आजवर आठ खेपा बदललं. कडं चिरलं तवा लोहाराकून पट्टी मारली. मंग जुनं काय होतं याच्यात?"

"त्यांनी निळा रंग नाही दिला, आजी."

"त्यायच्याकडं उरला नसन."

खाटेवरून एक आवाज आला. तो खोकला होता की हसू, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

"इटलीत एका गावी जुनी व्हायोलिनं काचेत ठेवतात," धम्मदीपा पुढे म्हणाली. "पण मधून मधून बाहेर काढून वाजवतात. वाद्य फार दिवस मुकं ठेवू नये म्हणतात."

"शेकतेत?" शेषरावने विचारलं. दोन दिवसांत तो पहिल्यांदा आपणहून बोलला होता.

"नाही आबा. व्हायोलिनला शेक देत नाहीत."

"मंग काय वाजत असन!" म्हणून त्याने कूस बदलली. तोंड मात्र आमच्याकडेच ठेवलं.

आफ्रिकेत माली नावाचा देश आहे, तिथल्या एका गावच्या संग्रहालयातून घरचे लोक आपल्या वस्तू सणासुदीला घेऊन जातात आणि सण झाला की परत आणून ठेवतात, हे मी त्या सकाळी ऐकलं. न्यूझीलंडचे माओरी लोक जुन्या कोरीव वस्तूंना पूर्वज मानतात, संग्रहालयात जाऊन त्यांच्याशी बोलतात, त्यांना गाणी म्हणून दाखवतात, हेही ऐकलं.

"मी बी बोलतो याच्याशी," चंपाबाई म्हणाली.

हे खरं आहे. मिरच्या ओतताना ती रोज "सरक रे" म्हणते.

"आणि काही मोठ्या देशांनी दुसऱ्यांच्या घरच्या वस्तू नेऊन ठेवल्यात," धम्मदीपा म्हणाली. "मालक परत मागतात. ते म्हणतात, तुम्हाला सांभाळता येणार नाही."

"त्यायले वाटत असन, मिरच्या ठेवतीन."

दुपारी धम्मदीपा भिंग डोळ्याला लावून एकदम गप्प झाली. मला वाटलं नाव दिसलं. पण ती म्हणाली, "इतकं जुनं लाकूड, आणि किडीचं एकही भोक नाही. आमच्याकडे यासाठी औषधं लागतात, तपासणी लागते. तुम्ही काय वापरलंत?"

चंपाबाईने सुपातल्या मिरच्यांकडे बोट दाखवलं. धम्मदीपाने वहीत लिहिलं, 'मिरची', आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. प्रश्नचिन्ह ती चंपाबाईला दिसू न देता काढत होती.

तिसऱ्या दिवशी निळ्याखाली काजळी लागली. ती शेकांची. काजळीखाली एका फटीत पिवळा कण निघाला.

"ही हळद आहे," धम्मदीपा हळू आवाजात म्हणाली. "छप्पनच्या आधीची."

शेषराव उठून बसला. त्याने तो कण बराच वेळ पाहिला. "लांबून उडालेली हाये ते," तो म्हणाला. धम्मदीपाने तो कण साफ केला नाही, तसाच राहू दिला.

हळदीच्या दोन बोटं पुढे 'उ' होता. मग 'कं'. मग तिरका 'ड'. तिरका 'ड' दिसताच शेषराव खाटेवरून उतरला, थरथरतं बोट त्या डागावर ठेवलं आणि पाटीवर गिरवतात तसं अक्षरावरून फिरवू लागला. चंपाबाईने पदर तोंडाला लावला. थोड्या वेळाने त्यातून म्हणाली, "आता त जेवसान ना?"

धम्मदीपाने फोटो पाठवले. वीरेंद्र साहेब दोन दिवसांत परत आले. या वेळी त्यांच्यासोबत कागद होते. नाव पाहून ते मनापासून हेलावले, हे मी त्यांच्या श्वासावरून सांगू शकतो. ते म्हणाले, निर्माता स्वतःच्या हाताने सही करतो असा लोकवाद्याचा नमुना त्यांच्या संग्रहात एकही नाही. नाव काचेत ठळक अक्षरांत लागेल. शेषरावला हवं होतं ते सगळं त्या कागदावर होतं.

"वाजवसान का याले?" शेषरावने विचारलं.

"नाही आबासाहेब. ठरावीक तापमान, ठरावीक दमटपणा. हाताळणी शून्य." असं म्हणून साहेबांनी हातमोजे चढवले.

"हे मोजे कायले?"

"हाताच्या घामाने वस्तूला अपाय होतो."

शेषराव मोज्यांकडे पाहत राहिला. मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, "साहेब, माह्या बापाच्या टायमालेबी याले कोनी हात लावत नव्हतं. तवा म्हनत, आमच्या घामानं त्यायले अपाय होते. आता तुमी म्हनता, घामानं याले अपाय होते. हात त तवाबी लागला नाई, आताबी नाई लागनार."

वीरेंद्र साहेब वाईट माणूस नव्हते. ते आपल्या पांढऱ्या हातांकडे पाहत उभे राहिले. मोजे काढावेत की ठेवावेत, हे त्यांना कुठल्याच नियमात सापडेना.

"चंपा," शेषराव म्हणाला, "तुराट्या आन."

चंपाबाईने अंगणात जाळ केला. अकरा वर्षांनी मला शेक मिळाला. नवं कातडं आधी घाबरलं, मग ताणलं. पहिली थाप चुकली. दुसरीही चुकली. शेषरावचा हात थरथरत होता, आणि तो थरथरणारा हात थांबवायचा प्रयत्न त्याने सोडून दिला, तेव्हा ठेका लागला. उकंडराव म्हणत ते गाणं तो म्हणाला, फाटक्या आवाजात. धम्मदीपाने आणि चंपाबाईने झील धरली. शेजारपाजारचे लोक कुंपणाशी आले, मग आत आले, आणि मी पुन्हा माणसांच्या मधोमध होतो. वीरेंद्र साहेबांनी मोबाईलवर सगळं टिपून घेतलं. मोबाईलचा पडदा मोज्यांनी चालत नाही, म्हणून मोजे त्यांना काढावेच लागले.

गाणं संपल्यावर शेषरावने मला मांडीवर ठेवलं.

"नाव तुमी न्या, साहेब. आवाज न्या. फोटो न्या. डफ हितंच राहू द्या. नाव काचेत टिकते. हे काचेत मरते."

"पण वस्तूच नसेल, तर रिकाम्या पेटीची नोंद कशी करायची?" साहेबांनी विचारलं. त्यांची अडचण खरी होती.

"मी करते," धम्मदीपा म्हणाली.

तिने केली. त्या मोठ्या शहरातल्या त्या मोठ्या इमारतीत आज एक रिकामी काचपेटी आहे. आत माझ्या कड्याचा, तिरक्या 'ड'चा मोठा फोटो. खाली पाटी: 'उकंडराव यांनी घडवलेला डफ. डफ घरी आहे, वाजतो आहे.' शेजारी एक बटण. दाबलं की माझा आवाज येतो, पहिल्या दोन चुकलेल्या थापांसकट. त्या काढून टाकू नका, असं धम्मदीपाने नोंदीत लिहून ठेवलं आहे.

शेषराव आणि चंपाबाई जऊळका स्टेशनावरून रेल्वेत बसून ते पाहून आले. मी गेलो नव्हतो, पण चंपाबाईने मला सगळं सांगितलं. शेषरावने पाटी एकेक अक्षर लावत वाचली आणि काचेवर बोट टेकवलं. पहारेकरी धावत आला, काचेला हात लावू नका म्हणाला.

"ह्या अक्षराले म्या हात धरून लिवाले शिकोलं हाये, बाप्पू," शेषराव म्हणाला.

पहारेकऱ्याने तोंड दुसरीकडे केलं. काचेवरचा तो बोटाचा ठसा त्याने संध्याकाळपर्यंत पुसला नाही म्हणे. हे 'म्हणे' चंपाबाईचं आहे. संध्याकाळपर्यंत ती तिथे नव्हती.

मित्रांनो, आता माझ्यासारख्याने उपदेश करायची जागा आली. जगात कुणी जुनी वस्तू काचेत ठेवून जपतं, कुणी मोडून पुन्हा बांधून जपतं, कुणी तिच्याशी बोलून, कुणी नाचवून, कुणी रंग देऊन. मी यांतलं बरंच भोगलं आहे. तुमच्या घरच्या जुन्या वस्तूला काय हवं, ते तिला एकदा हातात घेऊन पाहा. ज्याने ती घडवली त्या माणसाचं नाव पोरांना सांगा. त्याआधी रंगाचा डबा उघडू नका.

गेल्या महिन्यात धम्मचक्र प्रवर्तन दिनाला मी विहारासमोर तासभर वाजलो. दुसऱ्या दिवशी सकाळी चंपाबाईने मला ओसरीत उताणं ठेवलं, "सरक रे" म्हणाली, आणि दोन किलो मिरच्या ओतल्या. किडीसाठी म्हणे. धम्मदीपाच्या वहीत लिहिलंय ना.

ठीक आहे, मला मान्य आहे. फक्त चंपाबाईला कुणीतरी एवढं सांगा: देठ खुडून टाकत जा. टोचतात.